पहिलं नको

१४ ऑक्टोबर १९८६, मंगळवार

ही डायरी ह्यांना ऑफिसातून मिळालेली, गेल्या वर्षीची. ह्यांनी तिच्यात एक अक्षर लिहिलं नाही, आणि त्याच ऑगस्टात तर गेलेच. कोरी वही केरात टाकायची माझ्या जिवावर येतं, म्हणून छापलेले वार खोडून लिहायला घेतली आहे. शिवाय परवा माझी मैत्रीण मालिनी फोनवर म्हणाली, "सरला, तू हल्ली भांड्यांशी बोलतेस म्हणे." मीच तिला गमतीत सांगितलं होतं, तिने मनावर घेतलं. तर भांड्यांपेक्षा कागद बरा.

आज व्हॅनचा दिवस होता. आमच्या गावाची एक निळी व्हॅन आहे. ज्यांना गाडी चालवता येत नाही त्यांना ती मंगळवारी आणि शुक्रवारी दारातून उचलते, दुकानात, लायब्ररीत, डॉक्टरकडे सोडते आणि दुपारी परत आणते. डझनभर बायका असू. मी त्यांतली सगळ्यांत तरुण, चोपन्न वर्षांची, आणि साडीवर कोट घालणारी एकटीच. ह्यांनी एकदा मला ड्रायव्हिंग शिकवायला घेतलं होतं. पहिल्याच दिवशी मी समोरच्या कॅथीची टपालपेटी पाडली. ह्यांनी किल्ली खिशात घातली ती घातलीच. तेव्हा आम्ही दोघंही खूप हसलो होतो. मिनेसोटात राहून गाडी न येणं म्हणजे काय, ते मला गेल्या वर्षी कळलं.

व्हॅन चालवते ती डार्लीन. पंचेचाळिशीची असेल, आवाज मोठा, हसणं त्याहून मोठं. मी तिच्या मागच्याच सीटवर बसते. ती मला 'साराला' म्हणते आणि मी दुरुस्त करत नाही. आज चढल्या चढल्या तिने विचारलं, "साराला, आठवडा कसा गेला?" मी "छान" म्हटलं. आठवड्यात काही घडलंच नव्हतं, पण विचारलं म्हणून बरं वाटलं.

१९ ऑक्टोबर, रविवार

वीणाचा फोन. रविवारी दर कमी असतो म्हणून ती रविवारी करते. पंचवीस वर्षांची आहे, टेक्ससमध्ये अर्विंगला नोकरी करते, एकटी राहते. मी मराठीत बोलते आणि ती इंग्रजीत, मध्येच एखादा मराठी शब्द. वरणात हिंग आधी की हळद आधी, असं विचारत होती. मागच्या रविवारीही तिने हेच विचारलं होतं. मुलीचं लक्ष कुठे असतं कोण जाणे.

मार्चपासून तिने दोन बेडरूमचं अपार्टमेंट भाड्याने घेतलं आहे. एकट्या जिवाला दोन खोल्या कशाला? घेतलं तेव्हाच मी तिला बोलले होते. तेव्हा म्हणाली, "आई, सेकंड वन तुझी होईल ना." मी म्हटलं, "माझं काय गं, मी आहे इथे ठीक. तुला उगीच त्रास." लेकीच्या घरी जाऊन राहायचं म्हणजे मनाला कसंतरीच वाटतं. आज विचारलं, त्या खोलीत काय ठेवलं आहेस, तर "नथिंग." नुसतं भाडं भरते आहे. या मुलांना पैशाची किंमत नाही.

२४ ऑक्टोबर, शुक्रवार

व्हॅनमध्ये आज दुसरा विषय नव्हता. इथल्या हायस्कूलमध्ये बुधवारी जेवणाच्या सुट्टीत दोन मुलांची मारामारी झाली, एकाने सुरी काढली, आणि सोडवायला मध्ये पडली ती कॅथीची जिल. सोळा वर्षांची पोर. उजव्या हाताला कोपरापासून मनगटापर्यंत टाके पडले आहेत.

संध्याकाळी मी शिरा करून घेऊन गेले. कॅथी म्हणाली, "ओह, यू शुडन्ट हॅव," आणि पातेलं माझ्या हातातून घेतलं. पहिल्या झटक्यात! सव्वीस वर्षं झाली इथे, तरी मला हे जमत नाही. आपल्याकडे निदान दोनदा तरी नको म्हणायचं, देणाऱ्याने पुढे करत राहायचं, मग तिसऱ्यांदा "बरं, एवढंच हं" म्हणून घ्यायचं. त्याशिवाय देणाऱ्यालाही दिल्यासारखं वाटत नाही.

कॅथी म्हणत होती की शाळेत कायमचा पोलीस अधिकारी पाहिजे, ती गावाच्या कौन्सिलसमोर जाणार आहे. मी मान हलवली. मनात म्हटलं, शाळेत पोलीस कसला? आमच्या नागपूरच्या शाळेत मुख्याध्यापिकाबाई व्हरांड्यात नुसत्या खाकरल्या तरी वर्ग चिडीचूप व्हायचा. मग जिलकडे लक्ष गेलं. ती डाव्या हाताने शिरा खात होती आणि दर घासाला थोडा सांडत होता. मी नागपूरबद्दल काही बोलले नाही.

४ नोव्हेंबर, मंगळवार

भाऊबीज. दिवाळी आली आणि गेली, पणत्या लावल्या, बाहेरून कोणाला दिसल्याही नसतील. विष्णूभावजी, म्हणजे मालिनीचे यजमान, शिकागोला गेले होते, त्यांनी डेव्हन ॲव्हेन्यूवरच्या देशी दुकानातून माझ्यासाठी पातळ पोहे आणले, म्हणून चिवडा तरी झाला. एकटीसाठी किती करणार, पण मला कमी करताच येत नाही. डबा घेऊन व्हॅनमध्ये गेले.

डार्लीनसमोर धरला. "शुअर!" म्हणून तिने मूठभर उचलला आणि गाडी चालवता चालवता खाल्ला. मिसेस लिंडक्विस्टचं मात्र वेगळं. ऐंशीची म्हातारी, आईवडील स्वीडनहून आलेले, पांढरीशुभ्र, हातमोजे मांडीवर नीट ठेवून बसते. तिच्यासमोर डबा धरला तर "ओह नो, आय कुडन्ट." परत धरला, "नो नो, तुमचा कमी होईल." तिसऱ्यांदा मी झाकण बाजूला ठेवलं, तेव्हा "वेल, जस्ट अ लिटल" म्हणून चिमूटभर घेतला, मग आणखी चिमूटभर. मला ती बाई एकदम आपल्यातली वाटली. नाव बदललं तर सदाशिव पेठेतही खपून जाईल.

१२ नोव्हेंबर, बुधवार

आज चक्क सिटी हॉलमधून फोन! ब्रेडी नावाचा मुलगा, आवाजावरून पंचविशीतला, अतिशय नम्र. कॅलिफोर्नियाहून नुकताच इथे नोकरीला आला आहे. त्याने समजावून सांगितलं की वॉशिंग्टनहून गावांना मिळणारी मदत बंद झाली, त्यामुळे कौन्सिलला कुठेतरी हात आखडावा लागणार. शाळेतला पोलीस की व्हॅन, दोन्ही परवडणार नाही. म्हणून व्हॅनमध्ये बसणाऱ्या प्रत्येकीला विचारताहेत. मग म्हणाला, "मिसेस कानडे, व्हॅन बंद झाली तर तुमची गंभीर अडचण होईल का?"

एवढ्या मोठ्या ऑफिसातला माणूस आपणहून विचारतो आहे. मी म्हटलं, "नो नो, माझ्यासाठी तुम्ही मुळीच त्रास घेऊ नका. मी काहीतरी करीन."

मला वाटलं आता म्हणेल, अहो पण या थंडीत तुम्ही जाणार कशा? मग मी सगळं सांगणार होते, दुकान किती लांब आहे, फुटपाथ कसा मध्येच संपतो, ह्यांच्या मागे या दोन दिवसांखेरीज मी माणसांचं तोंड पाहत नाही. पण तो "थँक यू मॅम, व्हेरी हेल्पफुल" म्हणाला आणि फोन ठेवला. त्याला बाकीच्यांना फोन करायचे असतील. पुन्हा करेलच. इतकी मोठी गोष्ट कोणी एकदा विचारून ठरवत नाही.

कौन्सिलने विचारलं याचं मात्र कौतुक वाटलं.

१६ नोव्हेंबर, रविवार

वीणाला ब्रेडीचं सांगितलं. ती म्हणाली, "वेट, यू टोल्ड हिम नो?" मी म्हटलं, अगं, तसं म्हणायचं असतं. मग ती एकदम म्हणाली, "आई, तू इकडे येऊन राहशील का? आय मीन, फॉर गुड."

खरं सांगते, 'हो' ओठावर आलं होतं. पण पोरीने विचारलं आणि आईने लगेच बिछाना गुंडाळला, असं बरं दिसतं का? मी म्हटलं, "नको गं, तुझं तुला काय कमी काम आहे."

"ओके. युवर चॉइस," ती म्हणाली आणि ऑफिसच्या गोष्टी सांगू लागली.

संपलं. एकदाच. विचारायचं म्हणून विचारलं, कर्तव्य केलं, मोकळी झाली. तिची काही चूक नाही, तिला तिचं आयुष्य आहे. पण मनापासून असतं तर माणूस परत विचारतं. रात्री जेवण गेलं नाही. भात तसाच झाकून ठेवला.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

ब्रेडीचा फोन नाही.

२८ नोव्हेंबर, शुक्रवार

काल थँक्सगिव्हिंगला मालिनीकडे ईडन प्रेरीला होते. विष्णूभावजी गाडी घेऊन आले, मी "कशाला एवढ्या लांब" म्हणेपर्यंत माझा डबा त्यांनी डिकीत ठेवलासुद्धा. टर्की नाही, पण श्रीखंड-पुरी होती. पोटभर बोलले. घसा दुखतो आहे आज.

भावजी शाळेतल्या पोलिसाच्या बाजूने. "वहिनी, सेफ्टी फर्स्ट. व्हॅनचं काय, कोणीतरी राइड देईलच." कोण देईल ते त्यांनी सांगितलं नाही.

मालिनीचा उल्हास पंधरा वर्षांचा, इथलाच जन्म. मालिनीने त्याला पुरी वाढू का विचारलं. "नो." तिने परत विचारलं, तर चिडलाच, "मॉम, आय सेड नो. व्हाय डोन्ट यू लिसन?" मालिनी माझ्याकडे बघून म्हणाली, "बघ ना यार. यांना दुसऱ्यांदा विचारलं की अपमान वाटतो. म्हणतो, माझ्या बोलण्याला किंमतच नाही तुला."

मी म्हटलं, बिचारा, यांना आग्रहातली मजा माहीतच नाही.

निघताना मालिनीने राहा राहा करून अडवलं. दोनदा नको म्हटलं आणि राहिले.

९ डिसेंबर, मंगळवार

वाईट दिवस.

व्हॅनमध्ये डार्लीन आज गप्प होती. तिच्या घराचे हप्ते आहेत, मुलगी कॉलेजात आहे, हे मला माहीत आहे. लायब्ररीपाशी बाकीच्या उतरल्यावर ती म्हणाली, "सोमवारी कौन्सिलची सुनावणी आहे. त्यांनी सगळ्यांना फोन केले होते म्हणे, आणि बहुतेकींनी सांगितलं, व्हॅन गेली तरी चालेल. साराला, कोण असं सांगेल? मी दर खेपेला ज्यांना हाताला धरून चढवते त्या?"

मी खोटं बोलू शकले असते. म्हटलं, "मी सांगितलं."

तिने आरशातून माझ्याकडे बघितलं. इंजिन बंद केलं. "का?"

"त्याने एकदाच विचारलं," मी म्हटलं. मग आमच्यात कसं असतं ते सांगू लागले, पहिलं नको, दुसरं नको. सांगता सांगता माझं मलाच ऐकू येत होतं, किती वेड्यासारखं ते. डार्लीन हसली नाही. हसली असती तर बरं झालं असतं. ती म्हणाली, "सोमवारी या आणि त्यांना खरं सांगा." आणि मला उतरवायला हात दिला, नेहमीसारखा.

लायब्ररीत मासिक उघडून बसले. एक ओळ वाचली नाही. मला लाज वाटते आहे, आणि भीतीही वाटते आहे.

१४ डिसेंबर, रविवार

उद्यासाठी भाषण लिहिलं. चार पानं होती, कापून एक केलं. ह्यांच्या फोटोसमोर उभी राहून दोनदा म्हटलं.

वीणाचा फोन. तिला ख्रिसमसला सुट्टी नाही, ऑफिसात नव्या कामावर आहे ना. मग म्हणाली, तिच्या घराचा करार फेब्रुवारीअखेर संपतो, जानेवारीत मालकाला कळवावं लागेल. "सो... टू-बेडरूम ठेवू, का वन-बेडरूम घेऊ? तुला काय वाटतं, आई?"

मी म्हटलं, "अगं, वन-बेडरूमच घे. मी पहिल्यापासून तेच सांगते आहे."

"ओके," ती म्हणाली. सर्दी झाल्यासारखा आवाज होता. मी तिला आल्याचा काढा घ्यायला सांगितलं. निदान एवढं तरी माझं ऐकते आहे.

१६ डिसेंबर, मंगळवार

कालचं सगळं नीट लिहून ठेवते.

सुनावणी संध्याकाळी सातला. सोमवारी व्हॅन नसते, आणि संध्याकाळी तर कधीच नाही! हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. साडेपाचला कोट चढवून दारात उभी होते तर कॅथी गाडीवरचा बर्फ खरवडत होती. मला बघून ओरडली, "सिटी हॉलला येताय का? राइड हवी?"

आणि मी म्हटलं, "नो नो, थँक यू, आय ॲम फाइन."

देवाशपथ, तोंडातून निघून गेलं. जीभच तशी वळते. कॅथीने हात हलवला आणि गाडी काढली. मागचे लाल दिवे वळणावर दिसेनासे झाले, तेव्हा मी तिथेच उभी होते. एवढं सगळं होऊनही मी तेच केलं होतं. मग चालायला लागले. दुसरं करणार काय? फुटपाथ संपल्यावर रस्त्याच्या कडेने, बर्फाच्या ढिगातून. साडीचा घोळ भिजून कडक झाला. गाड्या बाजूने जात होत्या, एकही थांबली नाही, आणि थांबली असती तर मी काय म्हटलं असतं ते देव जाणे.

पोचले तेव्हा सभा सुरू झाली होती. चष्म्यावर वाफ धरली, काही दिसेना. पुसून बघते तर कॅथी पुढून वळून माझ्याकडे बघत होती, तोंड उघडंच. मागच्या रांगेत डार्लीन. मध्ये मिसेस लिंडक्विस्ट, तिला तिचा भाचा घेऊन आला होता, हातमोजे मांडीवर.

ब्रेडी उभा राहिला. गोरापान, कानशिलं लाल, फोनवर होता तितकाच नम्र. त्याने वाचून दाखवलं की व्हॅनच्या बहुतेक सगळ्या प्रवाशांनी गंभीर अडचण होणार नाही असं सांगितलं आहे. काही जणींनी तर आमच्यासाठी त्रास घेऊ नका असंही म्हटलं. तो हसून म्हणाला की इतकी समजूतदार माणसं त्याने कुठे पाहिली नाहीत. मला खुर्चीखाली जावंसं वाटलं. मिसेस लिंडक्विस्टकडे बघितलं. ती मान खाली घालून हातमोज्यांची बोटं सरळ करत होती. तेव्हा मला कळलं, तिनेही तेच केलं. त्या सगळ्या म्हाताऱ्यांनी.

मग कॅथी बोलली. कागद नव्हता तिच्याकडे. म्हणाली, जिल आता शाळेच्या जेवणघरात जात नाही, गाडीत एकटी बसून डबा खाते. म्हणाली, तिथे कोणीतरी मोठं माणूस असायला हवं ज्याचं तेवढंच काम आहे. तिचा आवाज फुटला. मी तिच्या विरुद्ध बोलायला आले होते आणि मला रडू येत होतं. जिल एकटी गाडीत बसून जेवते, ते चित्र डोळ्यांपुढून जाईना. मीही एकटीच जेवते, पण मी सोळा वर्षांची नाही.

माझं नाव पुकारलं. मेयरला 'कानडे' म्हणता आलं नाही. भाषणाचा कागद बर्फात भिजून शाई पसरली होती, तो तसाच घडी घालून ठेवला. मी म्हटलं, "मी फोनवर नाही म्हटलं, ते खरं नव्हतं. आमच्यात पहिल्यांदा विचारलं की नाही म्हणतात. आपण कोणाला जड होऊ नये म्हणून. मला व्हॅन हवी आहे. ती नसेल तर मी घरात बसेन, बाकी काही नाही, नुसती बसेन. कॅथीचंही बरोबर आहे. जिलसाठी पोलीस द्या. पण मला विचारलं होतं, म्हणून सांगते, मला व्हॅन हवी आहे."

एक मेंबर, टक्कल असलेला, चांगल्या मनाने म्हणाला, "मॅडम, मग तुम्हाला किती वेळा विचारायला हवं?"

"तीनदा," मी म्हटलं. लोक हसले. मी विनोद केला नव्हता.

मग मिसेस लिंडक्विस्ट उभी राहिली, भाच्याचा हात धरून. "मीसुद्धा नाही म्हणाले होते," म्हणाली. "वन डझन्ट लाइक टु बी अ बॉदर." आणि बसली. त्यावर कोणी हसलं नाही.

मेयर बाई आहेत, माझ्याच वयाच्या. त्यांनी बराच वेळ कागद चाळले. म्हणाल्या, अंदाजपत्रक याच आठवड्यात पुरं करायचं आहे, परत विचारायला वेळ नाही. माझ्याकडे बघून म्हणाल्या, "मिसेस कानडे, तुम्ही जे बोललात ते आम्ही खरं मानलं. आमच्याकडे माणसाला मान देणं म्हणजे हेच. परत परत विचारणं म्हणजे त्याच्या शब्दावर विश्वास नसणं."

तीन विरुद्ध दोन. शाळेला पोलीस मिळाला. व्हॅन डिसेंबरअखेर बंद.

बाहेर आले तर कॅथी दारात गाडी घेऊन उभी. तिने विचारलं नाही. उतरली, माझ्या बाजूचं दार उघडलं आणि म्हणाली, "गेट इन." घरापाशी ती म्हणाली, "तुम्ही चालत आलात. मी विचारलं होतं ना." मी म्हटलं, "हो, विचारलं होतंस." तिने हीटरची हवा माझ्या पायांकडे वळवली.

१९ डिसेंबर, शुक्रवार

मेयरबाईंचं ते वाक्य डोक्यातून जात नाही. घरात फिरताना मध्येच आठवतं आणि मी थांबते. परत विचारणं म्हणजे विश्वास नसणं. उल्हासही तेच म्हणाला होता, पुरीवरून.

वीणा इथेच जन्मली, इथेच शिकली.

२१ डिसेंबर, रविवार

वीणाचा फोन पाचच मिनिटं. घरं बघते आहे, एका बेडरूमची. मला बोलायचं होतं, पण ती घाईत होती, किंवा मला तसं वाटलं. ठेवल्यावर फोनजवळच बसून राहिले.

३० डिसेंबर, मंगळवार

शेवटची व्हॅन. मी बेसनाचे लाडू नेले. मिसेस लिंडक्विस्टसमोर डबा धरला आणि मनात तीन मोजायला सुरुवात केली, तर तिने पहिल्याच खेपेला हात घातला. "येस, प्लीज," म्हणाली आणि माझ्याकडे बघून हसली. तिला भाचा वृद्धाश्रमात नेतो आहे, जानेवारीत.

डार्लीनला शाळेच्या बसवर काम मिळतं आहे, अर्धवेळ. मी तिला म्हटलं, "माझ्यामुळे झालं." ती म्हणाली, "तीन लोकांनी हात वर केले, त्यात तुमचा नव्हता." पण दारापर्यंत सोडायला उतरली तेव्हा मला धरून उभी राहिली थोडा वेळ. तिच्या जाकिटाला सिगारेटचा वास होता. मला तो वास कधी आवडला नाही, आज सोडवेना.

व्हॅन वळेपर्यंत पायरीवर उभी होते. मग आत आले. दुपारचे दोन वाजले होते, आणि आता शुक्रवारी कोणी येणार नव्हतं.

४ जानेवारी १९८७, रविवार

आज मी फोनची वाट बघितली नाही. मीच केला. सकाळीच, चहा व्हायच्या आधी. वीणा घाबरली, "आई? व्हॉट हॅपन्ड?" मी कधी फोन करत नाही ना.

म्हटलं, "काही झालं नाही. मालकाला कळवलंस का?"

"उद्या कळवणार आहे. का?"

"तू मला मागे विचारलं होतंस. तिकडे राहायला येण्याबद्दल."

ती म्हणाली, "यू सेड नो."

"हो. पण तू एकदाच विचारलंस, वीणा. मला वाटलं..."

"एकदा?" तिचा आवाज चढला, आणि मग ती मराठीत बोलायला लागली, तिच्या त्या अडखळत्या मराठीत, जे ती कधी करत नाही. "आई, मी तीनदा विचारलं. हे घर घेतलं तेव्हा विचारलं. नोव्हेंबरमध्ये विचारलं. आणि टू-बेडरूम ठेवू का, ते कोणासाठी विचारलं होतं? तू नो म्हणालीस. एव्हरी टाइम. मला वाटलं, तुला नाही राहायचं माझ्याजवळ. तुला बाबांचं घर पाहिजे. मग मी काय करू? फोर्स करू?"

भर सभेत मी तीनदा म्हणून सांगून आले होते. माझ्या लेकीने, इथे जन्मलेल्या, न शिकवता, मोजून तीनदा विचारलं होतं, आणि मी पैसे वाचव म्हणाले. काढा घे म्हणाले.

"वीणा," मी म्हटलं, "आता तू विचारू नकोस. मी विचारते. मी येऊ का?"

मग तिने हुबेहूब माझा आवाज काढला, "नको गं, तुला उगीच त्रास," आणि हसायला लागली, आणि हसता हसता रडायलाच लागली, लहानपणी रडायची तशी, हुंदके देऊन.

तिचं ते पहिलं नको मी मानलं नाही. म्हटलं, "मी येणार आहे. तू त्या मालकाला उद्या सांग, घर ठेवते आहे म्हणून."

ती म्हणाली, खोली तयारच आहे. "नथिंग" म्हणाली होती तेव्हाही तिथे एक पलंग होता, मार्चमध्येच आणलेला, बसका, माझ्या गुडघ्यांना चढायला सोपा पडेल असा. वर पलंगपोस घातलेला. दर शनिवारी ती त्या खोलीतली धूळ पुसते.

मग आम्ही पुष्कळ बोललो. घर विकायचं, सामान कोणाला द्यायचं, ह्यांची पुस्तकं. वरणात हळद आधी हे तिला पक्कं माहीत आहे, असंही कळलं. बिल किती येईल कोण जाणे.

चहा गार झाला होता, तो तसाच प्यायले. अर्विंगला व्हॅन आहे का, ते मात्र विचारायचं राहिलं.